रामोजीचा टांगा, सौभद्राचा पडदा

मंगळवार : परभणी ते हैदराबाद

मे महिन्यात परभणीत दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते, आणि लेकरांना सुट्टी नेमकी तेव्हाच. यंदा त्यांची मागणी होती रामोजी फिल्म सिटीची. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, मागणी वेगळी. छत्रपती संभाजीनगरला ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग लागला होता आणि नातवंडांनी एकदा तरी समोर बसून नाट्यसंगीत ऐकावं, हा त्यांचा जुना हट्ट. मी म्हटलं, दोन्ही करू आणि एकाच आठवड्यात करू. सिनेमा कसा तयार होतो ते डोळ्यांत ताजं असताना नाटक बघितलं तर लेकरांना त्यातलं जास्त कळेल, असं मला मनापासून वाटत होतं.

अप्पा, सासूबाई, हे, मी, दहावीत जाणारी थोरली, पाचवीत जाणारा धाकटा आणि सेलूहून आलेला दिरांचा मुलगा, असे निघालो. सासूबाईंनी पहाटे उठून दशम्या केल्या, मी धपाटे लावले. शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, कैरीचं ताजं लोणचं आणि पाण्याची मोठी कॅन. सकाळच्या देवगिरी एक्स्प्रेसला जागा मिळाली तेव्हाच ऊन खिडकीच्या गजांना लागलेलं होतं.

पूर्णा, नांदेड, मुदखेड, उमरी. धर्माबाद आलं की मिरचीच्या बाजाराची आठवण निघतेच, आणि तिथून पुढं पाट्यांवरची अक्षरं गोल गोल व्हायला लागतात. बासरला सासूबाईंनी बसल्या जागेवरून सरस्वतीला हात जोडले. ह्यांना लहानपणी पाटीपूजनाला इथंच आणलं होतं. नांदेड-परभणीकडच्या कितीतरी घरांत ती पद्धत आहे. बासर सुटलं की गोदावरीचा पूल लागतो. उन्हाळ्यात नदी आक्रसून मधल्या धारेत आलेली असते, दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि खडक. तरी डब्यातल्या बायकांनी नाणी टाकली. आम्हीही टाकली.

पूल ओलांडल्यावर अप्पा बोलायला लागले. ही लाईन निझामाच्या काळातली, तेव्हा मीटरगेज होती. त्यांच्या वडिलांचं शिक्षण उर्दूत झालं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी १९५६ पर्यंत आपली राजधानी हैदराबादच होती. “कोर्टकचेरी असो नाहीतर मोठा दवाखाना, माणसं हैदराबादलाच जायची. मुंबई कुणी बघितली होती?” धाकट्याला हे सगळं नवीन. त्यानं विचारलं, “म्हणजे अप्पा, आपण परक्या राज्यात चाललो नाही?” अप्पा म्हणाले, “जुन्या घरी चाललोय बाळा.”

दुपार उलटल्यावर सिकंदराबाद आलं. मेट्रोनं अमीरपेटला गाडी बदलून एल. बी. नगरला उतरलो. तिथून विजयवाड्याच्या रस्त्यानं रामोजीला जाणं सोपं पडतं, म्हणून मुक्काम तिथंच घेतला होता. रात्री डब्यातलं उरलेलं आणि गरम सांबार-भात. सगळे लवकर झोपले.

बुधवार : रामोजी फिल्म सिटी

सकाळी फाटक उघडायच्या आत पोचलो ते बरं झालं, कारण सुट्ट्यांमुळं रांग लगेच वाढली. फाटकापासून आत न्यायला त्यांच्याच बस असतात. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती जागेची. १९९६ साली रामोजी राव यांनी ही चित्रनगरी उभी केली. १,६६६ एकरांचा हा पसारा आहे आणि जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक त्यांनी १९७४ मध्ये सुरू केलं होतं. ते स्वतः ८ जून २०२४ ला गेले. निर्मात्यानं पटकथा घेऊन यावं आणि तयार चित्रपट घेऊन जावं, सेटपासून संकलनापर्यंत सगळं एका आवारात मिळावं, ही त्यामागची कल्पना.

ह्यांना इथं यायचं खरं कारण वेगळं होतं. २००० साली ईटीव्ही मराठी सुरू झाली ती याच आवारातून. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बातम्या इथं येऊन संपादित व्हायच्या आणि इथूनच वाचल्या जायच्या. ह्यांचा एक वर्गमित्र तेव्हा नोकरीला इथं आला होता. सेलू-जिंतूरच्या दुष्काळाची बातमी हैदराबादेत बसून लिहायचा आणि रात्री परभणीला फोन करून “लागली का?” विचारायचा. आता ती वाहिनी वेगळ्या नावानं, वेगळ्या ठिकाणाहून चालते. ह्यांनी गाईडला विचारलं, मराठी बातम्या कुठल्या इमारतीतून निघायच्या? पोरगा विशीतला, त्याला कुठून ठाऊक असणार? हे मात्र बसमधून दिसेल त्या प्रत्येक इमारतीकडं वळून बघत राहिले.

उघड्या बाजूंच्या लाल बसमधून सेट दाखवतात. विमानतळ, रेल्वे स्टेशन, तुरुंग, परदेशातली वाटावी अशी गल्ली, खेड्यातली घरं. रेल्वे स्टेशनवर खरा फलाट, खरे रूळ. गावाच्या नावाची पाटी मात्र पटकथेप्रमाणं बदलते. एकाच इमारतीच्या चार बाजूंना चार दर्शनी भाग. पुढून दवाखाना, डावीकडून कॉलेज, मागून कोर्ट. सेलूच्या पुतण्यानं एका घराचं दार ढकलून बघितलं. दारामागं लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्याला ठोकलेलं प्लायवूड. “काकू, आत घरच नाही!” तो इतक्या मोठ्यानं ओरडला की बसमधली सगळी माणसं हसली. पण त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. इतके दिवस पडद्यावर बघितलेल्या सगळ्या घरांबद्दल त्याला एकदम शंका आली असावी.

ती शंका फिटली पौराणिक सेटवर. महालाचे खांब, सिंहासन, हत्तींची शिल्पं. बोटाच्या पेरानं वाजवलं की सगळं पोकळ. तिथं शिडीवर एक रंगारी खांबाला डागडुजी करत बसले होते. आमचं बोलणं ऐकून खालीच उतरले. “परभणीचे का? मी देगलूरचा.” मग काय, अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. त्यांनी लेकरांना सगळं सांगितलं. आधी मातीत शिल्प घडवायचं, त्याचा साचा घ्यायचा, साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि तागाचे धागे भरायचे. धाग्यांमुळं प्लास्टरला बळ येतं, तडा गेला तरी तुकडा खाली पडत नाही. पावसात टिकवायचं असेल तर फायबर वापरायचं. वाळलं की पांढरा हात, त्यावर फिकट राखाडी, आणि मग बारीक कुंचल्यानं संगमरवराच्या शिरा. शीर सरळ ओढली तर खोटी दिसते, म्हणून हात मुद्दाम थोडा थरथरत न्यायचा. त्यांनी थोरलीच्या हातात कुंचला दिला आणि खांबाच्या मागच्या बाजूला तिच्याकडून एक शीर ओढून घेतली. वर बोट दाखवून म्हणाले, “त्या पट्ट्याच्या वर काहीच रंगवलेलं नाही बघा. कॅमेऱ्याला जेवढं दिसतं, तेवढंच आमचं जग.”

अप्पांनी त्या खांबावर तळहात ठेवला आणि पुतण्याला म्हणाले, “घर खोटं म्हणालास ना? ह्या माणसाचे हात बघ.” रंगाऱ्याच्या नखांत बसलेला तो राखाडी रंग मला अजून दिसतो. रामोजीत कारंजी आहेत, फुलपाखरांची बाग आहे, पक्षी आहेत, जपानी बगीचा आहे. सगळं नेटकं आणि सुंदर. पण कुणी मला विचारलं की काय बघून या, तर मी सांगेन, सेटवर काम करणारं माणूस दिसलं तर थांबा आणि बोला.

‘बाहुबली’चा सेट बघताना धाकट्याचं भान हरपलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनीच बघितलेत.

दुपारी मूव्ही मॅजिक. तिथं प्रेक्षकांतूनच कुणाला तरी बोलावून दृश्य चित्रित करतात, आणि त्या दिवशी थोरलीला बोलावलं. रंगमंचावर घोडा नसलेला टांगा. एका गाजलेल्या जुन्या हिंदी चित्रपटातल्या पाठलागात तिला बसवायचं होतं. टांगा जागेवरच गदगदा हलवतात, तिनं लगाम ओढायचा, चाबूक उगारायचा, मागं वळून घाबरल्यासारखं बघायचं. पहिल्यांदा ती मागं वळली आणि भावाला बघून हसली. पुन्हा. मग चाबूक उशिरा उचलला. पुन्हा. नंतर सगळं जमलं तर टांग्याचा एक दांडा कॅमेऱ्याच्या आड आला. पुन्हा. एरवी घरी भाजी आण म्हटलं की कपाळाला आठ्या पाडणारी माझी पोरगी तिथं ओठ घट्ट मिटून परत परत लगाम धरत होती.

दुसऱ्या दालनात आवाज. पडद्यावर मूक दृश्य चालू, आणि प्रेक्षकांतून निवडलेली माणसं वेगवेगळी साधनं घेऊन उभी. टापांसाठी नारळाच्या करवंट्या, वाऱ्यासाठी कापडावर घासत फिरणारं लाकडी चक्र, गडगडाटासाठी पत्रा. पुतण्याच्या हातात करवंट्या आल्या. त्याच्या टापा घोड्याच्या पायांपुढं धावायला लागल्या तसं सगळं थांबवून परत घेतलं. तिसऱ्या दालनात हे सारं जोडून दाखवलं, आणि मोठ्या पडद्यावर आमची थोरली, डोळ्यांत भीती, मागं धुळीचा लोट, टापांचा कडकडाट. आत्ताच आमच्यासमोर तुकड्यातुकड्यानं केलेलं ते सगळं असूनही सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. “बाई, पडतीया की काय ती!”

पाश्चात्त्य गावातल्या स्टंटचा खेळ, छपरावरून पडणारी माणसं, स्फोट हे मुलांनी डोळे विस्फारून बघितलं. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा सासूबाईंचे पाय पूर्ण थकलेले होते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी दुपारची ऊन्हं सरळ बंदिस्त खेळांत काढावीत आणि बाग संध्याकाळी बघावी. रात्री लॉजवर थोरली दमून पडली होती, पण डोळे उघडे. म्हणाली, “आई, एवढ्याशा दृश्याला एवढी माणसं लागतात?”

गुरुवार : हैदराबाद

सकाळी उन्हाच्या आत गोवळकोंडा. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारला, जवळपास एक किलोमीटर लांब, ऐकू जाते. शत्रू आल्याची वर्दी देण्यासाठी केलेली ती सोय. हे दोन्ही पोरांना घेऊन वर गेले, आम्ही खाली टाळ्या वाजवत राहिलो, आणि फोनवर “आली, आली!” असा धाकट्याचा आवाज. इथं तारा नव्हत्या, वीज नव्हती, नुसता दगड आणि त्याचा बाक.

परतीच्या वाटेवर अप्पांना कोठी भागात जायचं होतं. १९०७ साली तिथं विवेक वर्धिनी ही मराठी शाळा सुरू झाली. निझामाच्या राज्यात सगळा वरचा कारभार उर्दूतून चालत असताना मराठी घरांतली मुलं तिथं मराठीत शिकली. अप्पांचे थोरले चुलतभाऊ त्यांतलेच. सुट्टीमुळं फाटक बंद होतं. अप्पांनी चप्पल काढून बाहेरूनच नमस्कार केला.

रात्रीची गाडी.

शुक्रवार : घरी

दिवसभर कपडे धुणं आणि झोप. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली आणि अप्पांनी सौभद्राची गोष्ट सांगितली. ही गोष्ट आधी सांगण्याचा आग्रह माझाच होता. मुलांना पदांची भाषा जड जाते. गोष्ट ठाऊक असली की कान मोकळे राहतात.

गोष्ट अशी. सुभद्रेचं मन अर्जुनावर, पण बलरामानं तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं. अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला. कृष्णाला बहिणीचं मन कळतं, पण थोरल्या भावाला उघड विरोध करायचा नाही. मग तो पडद्याआडून सूत्रं हलवतो. घटोत्कच सुभद्रेला उचलून रानात नेतो, अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येतो, आणि बलराम त्याच संन्याशाची सेवा करायला सुभद्रेला नेमतो. धाकटा एवढं ऐकून ताडकन उठून बसला. “बलरामाला कळत नाही?” “अरे, तिथंच तर मजा आहे,” अप्पा म्हणाले.

शनिवार : परभणी ते छत्रपती संभाजीनगर

मानवत रोड, सेलू, परतूर. जालना आलं तसे अप्पा खिडकीशी सरकले. जालन्यात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. मास्टर कृष्णराव जन्मले आळंदीला, १८९८ मध्ये, पण आडनावातली फुलंब्री आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातली. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले गायक नट, आणि पुढं प्रभात फिल्म कंपनीचे संगीतकार. “म्हणजे रामोजी आणि सौभद्र, दोन्ही एकाच माणसात,” असं थोरलीनंच म्हटलं, आणि अप्पांचा चेहरा उजळला.

नणंदेच्या घरी पोचलो तेव्हा लेकरांच्या आत्यानं मुरमुऱ्यांचा सुशीला परतून ठेवला होता, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर. आंब्याच्या पाट्या घरात. पुढचं काही लिहायला नको.

रविवार : संत एकनाथ रंगमंदिर

उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरासमोर आम्ही बरेच आधी पोचलो. अप्पा पायऱ्यांवर बसले आणि मुलांना म्हणाले, या नावाची गंमत सांगतो.

पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली. भारूड नुसतं म्हणायचं नसतं, ते सोंग घेऊन करायचं असतं. जोगवा मागणारी बाई, विंचू चावून तळमळणारा माणूस, वासुदेव. गाणं, अभिनय आणि समोर बसलेलं गाव. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं आणि तिथून संगीत नाटकाचा इतिहास मोजतात. सौभद्र त्यानंतर, १८८२ मधलं. ते खरंच आहे. पण गाण्यातून गोष्ट उभी करणं आपल्या गोदाकाठच्या माणसाला त्याआधी तीन शतकं ठाऊक होतं, हे अप्पांनी ठासून सांगितलं आणि मला ते पूर्ण पटतं.

“आता दुसरी गोष्ट,” अप्पा म्हणाले. १९३५ साली प्रभातनं एकनाथांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. ज्यांच्या सुभद्रेला, रुक्मिणीला महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, ते पुरुषवेषात, स्टुडिओतल्या दिव्यांखाली. प्रभातशी करार पुढच्या चित्रपटांचाही होता, पण त्या एकाच चित्रपटानंतर ते तिथून बाहेर पडले आणि पुन्हा नाटकाकडं वळले. थोरलीनं विचारलं, “का?” अप्पा म्हणाले, “आज नाटक बघ, मग तूच मला सांग.”

दौऱ्यावर निघालेली ती एक छोटी नाटक मंडळी होती. रंगमंचासमोर डावीकडं ऑर्गन, उजवीकडं तबला. तबलजींनी दोन तबले लावून ठेवले होते. पुरुषांची पट्टी खाली, बायकांची वर, त्यामुळं कृष्ण गाऊन सुभद्रा गायला लागली की तबला बदलावा लागतो. धाकट्यानं ते बरोबर टिपलं आणि पुढं प्रत्येक पदाआधी तो तबलजींच्या हाताकडं बघून कोण गाणार ते सांगायला लागला.

तिसरी घंटा झाली. ऑर्गनचा पहिला सूर निघाला आणि पडद्याआडून सगळ्या मंडळींनी मिळून नांदी उचलली. अप्पांनी डोळे मिटले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण तो आवाज कुठल्या पेटीतून येत नव्हता. वीसेक हातांवर माणसं उभी राहून श्वास घेत होती आणि गात होती.

पडदा उघडला. मागं रंगवलेलं रान, बस्स. रामोजीत महाल बघून आलेला पुतण्या कुजबुजला, “काकू, हे तर नुसतं कापड आहे.” त्याला लपवायला इथं काहीच नव्हतं, कापडाची सुरकुतीही दिसत होती. आणि तेवढ्यात विंगेतून नारद गात आला. त्यानंतर त्या पोरानं कापडाचं नाव काढलं नाही. पुढच्या प्रवेशात तोच पडदा गुंडाळला गेला, राजवाड्याचा खाली आला, आणि द्वारका झाली. सुभद्रा रडत गायली तेव्हा सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. किर्लोस्करांच्या काळात सुभद्रेचं काम भाऊराव कोल्हटकर करायचे. आज बाई करत होती, आणि तिचा आवाज वरच्या षड्जावर टेकला तेव्हा पंख्यांची घरघरसुद्धा ऐकू येईना.

घटोत्कचानं झोपलेल्या सुभद्रेला उचललं तेव्हा लेकरांनी जल्लोष केला. बलराम त्या ढोंगी संन्याशाच्या पायांवर डोकं ठेवतो, त्या प्रवेशाला तर आमचा धाकटा जागेवर उभा राहून “अहो, तो अर्जुन आहे!” असं ओरडला. बलरामाचं काम करणाऱ्या नटानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवून पुन्हा पाया पडला. नाट्यगृह दणाणून गेलं.

मध्यंतरात थोरली सरळ ऑर्गनपाशी गेली. वादक बाबा साठी उलटलेले, त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. दोन्ही पायांनी भाते चालवायचे, दोन्ही हात सुरांना मोकळे. गायक तान घेताना कुठं जाईल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून डोळे त्याच्या तोंडाकडं, कान श्वासाकडं. “तो दम घेतो तेव्हा मी सूर धरून ठेवतो,” ते म्हणाले. त्यांनी असंही सांगितलं की मराठवाड्यात येणं त्यांना आवडतं, पण ऑर्गन, पडदे, पेट्या, सगळी माणसं, दोन रात्रींचा मुक्काम आणि गाडीभाडं धरलं की तिकिटांवर खर्च निघत नाही. मागच्या रांगा रिकाम्या होत्या, ते मी पाहिलं होतं. लातूर, बीड, नांदेड, परभणी इथल्या किती मुलांनी ऑर्गन कधी बघितलाय? पुण्या-मुंबईची मुलं हे सहज ऐकत मोठी होतात. आपल्या लेकरांना ते मिळावं म्हणून पालकांनी तिकिटं काढली पाहिजेत, शाळांनी वर्गच्या वर्ग आणले पाहिजेत.

पुढं पहाटेचं वर्णन करणारं कृष्णाचं पद आलं. गायक तरुण होता, तोवर जपून गायलेला. या पदाला मात्र तो समोर आला आणि मोकळा सुटला. संपलं तशी पुढच्या रांगेतून हाक आली, “वन्स मोअर!” मग आणखी एक, मग अप्पांची, घसा फाडून. गायकानं ऑर्गनकडं बघितलं, हात जोडले आणि परत सुरुवात केली. आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यासारखं नव्हतं. तीच ओळ त्यानं वेगळ्या वाटेनं वर नेली, तबलजी हसले, ऑर्गनवाले बाबा एक क्षण मागं राहून त्याला गाठायला धावले, आणि समेवर तिघं एकदम आले. टाळ्यांत माझा आवाज मलाच ऐकू येईना.

थोरली माझ्या कानाशी वाकली. “आई, तिथं चुकलं की परत करायला लावत होते. इथं चांगलं झालं म्हणून परत करायला लावतात.” मग अप्पांकडं वळून, “म्हणून आले का हो बालगंधर्व परत?” अप्पांनी तिचा हात हातात घेतला आणि नाटक संपेपर्यंत सोडला नाही.

प्रयोगानंतर आम्ही मागच्या दाराशी गेलो. द्वारका गुंडाळून टेम्पोत चढत होती. घटोत्कच बनियनवर उभे, चेहऱ्याचा रंग अर्धा पुसलेला, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातानं पेटी ढकलत होते. धाकटा समोर जाऊन उभा राहिला. त्यांनी चहा खाली ठेवला, सुभद्रेला उचललं तसंच त्याला उचललं आणि गर्जना केली. खाली उतरल्यावर धाकट्यानं विचारलं, “आमच्या परभणीला कधी येणार?”

“बोलवा की. नाट्यगृह आणि राहायची सोय बघा, आम्ही येतो.”

अप्पांनी तिथल्या तिथं मंडळीच्या व्यवस्थापकांकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतला. आकडा ऐकून हे गप्प झाले. अप्पा गप्प झाले नाहीत. रात्रीचे अकरा वाजलेले, तरी रिक्षात बसायच्या आत त्यांनी आमच्या भजनी मंडळातल्या लोकांना उठवायला सुरुवात केली होती. “अहो, बी. रघुनाथ सभागृह दिवाळीनंतर कधी मोकळं आहे, उद्या सकाळी जाऊन विचारा. झोपता काय, लिहून घ्या!”